कर्णधाराच्या बदल्यात

सरांच्या घराची बेल वाजवायची म्हटली की मी आधी जिन्यातच वाक्यं जुळवून बघायचे. अख्ख्या फुटबॉल संघाचा कारभार सांभाळणारी बाई मी. विमानतळावर सामान अडवलं तर तिथल्या अधिकाऱ्याशी भांडून सोडवून आणणारी. पण बिबवेवाडीतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं की मी गृहपाठ विसरलेल्या मुलीसारखी उभी राहायचे. "या, बसा" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. "बोला" म्हणायचे. काम दारातच उरकलं तर त्यांना मनापासून आनंद व्हायचा, आणि तो लपवायची तसदीही ते घेत नसत.

ते आमच्या संघाचे प्रशिक्षक आणि मी संघाची मॅनेजर. आमचा संघ पुण्याचा, पगारी खेळाडूंचा, देशातल्या दुसऱ्या पायरीच्या लीगमध्ये खेळणारा. मालक वाघोलीचे, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांच्या वडिलांनी जिथे ज्वारी काढली तिथे आता अकरा मजली इमारती आहेत. त्या इमारतींच्या मागे जो तुकडा उरला होता, त्याचं अण्णांनी मैदान केलं. का केलं, हे त्यांच्या घरातल्यांना अजून कळलेलं नाही.

सर सगळ्यांना "आपण" म्हणायचे. अठरा वर्षांच्या पोरालाही. रागावले की "आपण" जास्तच व्हायचं. एकदा सामना हरून आल्यावर आमच्या डाव्या बाजूच्या बचावपटूसमोर उभे राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आपण आज आला होतात का मैदानावर? नाही, मी शोधत होतो." तो बिचारा मिझोरामचा. मराठी त्याला चार शब्दांपलीकडे येत नव्हतं. तरी त्याला सगळं समजलं आणि तो रडला. सर थर्मास उघडून चहा पीत बसले. तो थर्मास ते रोज घरून आणत आणि त्यातला घोट आजवर कुणालाही मिळालेला नव्हता. कुणी आशाळभूतपणे बघितलंच तर म्हणत, "समोर टपरी आहे. उत्तम करतो."

आणि अशा या माणसाचा सगळ्यात मोठा नियम जेवणाचा होता, हे ऐकून नवीन माणूस हसायचा. संघात आलेल्या कुठल्याही खेळाडूने आधी प्रत्येक सहकाऱ्याकडे एकेकदा जेवायचं. मगच सामना. हॉटेलात नाही, खोलीवर, ज्याच्या त्याच्या हातचं. आमची पोरं वाघोलीत तिघे-तिघे मिळून फ्लॅटमध्ये राहतात आणि पाळीपाळीने रांधतात. कुणाकडे भात-मासे, कुणाकडे कच्चा वाटावा असा बांबूचा कोंब, कुणाकडे रोजची अंडाभुर्जी. जून-जुलैमध्ये, हंगामाच्या आधी, संध्याकाळी आमचे खेळाडू ताटं घेऊन या इमारतीतून त्या इमारतीत जाताना दिसायचे आणि सोसायटीचे चेअरमन मला फोन करायचे.

"कशासाठी हे, सर?" मी एकदा विचारलं होतं.

"जेवताना माणूस मागतो कसा, ते कळतं. कोण सरळ हात पुढे करतो, कोण ओरडतो, कोण वाट बघत बसतो. मैदानावर बॉल तसाच मागतात. वेगळं काही नसतं."

त्यामुळे हंगामाच्या मध्येच खेळाडू आणणं म्हणजे सरांच्या लेखी अपराध होता. जानेवारीत खेळाडूंची अदलाबदल करायची मुभा असते. सगळे संघ त्या दिवसांत फोन कानाला लावून बसतात. सर त्या दिवसांत फोन बंद करून ठेवत. एकदा अण्णांनी हौसेने एक उंचापुरा बचावपटू मध्येच आणला होता. सरांनी त्याला मुकाट्याने जेवणाच्या फेऱ्यावर पाठवलं. सामने, प्रवास, दुखापती यातून वेळ काढत काढत त्याचा फेरा संपला तेव्हा हंगामाचा शेवटचा सामना उरला होता. "जेवायलाच आणला होता म्हना की," असं अण्णा अजूनही म्हणतात.

पण मी सांगतेय त्या वर्षी कुणाला हसू येत नव्हतं. आमचे गोलच होत नव्हते. डिसेंबर संपता संपता आम्ही तळाला जाऊन बसलो होतो. तळाचा संघ खालच्या लीगमध्ये जातो, आणि अण्णांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "खाली गेलो तर पुढचं वरीस मला जमायचं न्हाई, बाई. घरात रोज भांडान हाय." म्हणजे संघ बंद. अख्ख्या संघाच्या पोरांनी घरी काय सांगायचं, हा विचार मनात आला की मला जेवण जायचं नाही. ड्रेसिंग रूममध्ये कुणी मोठ्याने बोलेना. पुढे खेळणारे तिघे एकमेकांना नमस्कारही करेनात.

अशात वरच्या लीगमधल्या एका संघाचा निरोप आला. त्यांना आमचा कर्णधार हवा होता. दत्ता. त्याच्या बदल्यात ते त्यांचा एक गोल करणारा खेळाडू द्यायला तयार होते, त्यांच्याकडे बाकावर बसून कंटाळलेला, पण पायात गोल असलेला. मला तर देव पावल्यासारखं झालं.

दत्ता लोणी काळभोरचा. शेतकऱ्याच्या घरातला. शाळेच्या स्पर्धेत अनवाणी खेळताना सरांनी त्याला पाहिलं आणि तेव्हापासून तो सरांच्या सावलीत वाढला. मधल्या फळीत खेळायचा. गोल फारसे त्याचे नसत, पण प्रत्येक गोलाच्या आधी दोन पावलं मागे बघितलं की तो दिसायचा. साऱ्या जगात सर एकट्या दत्ताला "अरे" म्हणत. तो आता बत्तीस वर्षांचा होता आणि वरच्या लीगमध्ये एकदाही खेळला नव्हता.

अण्णांच्या ऑफिसात बैठक झाली. सरांना कामावर घेताना अण्णांनी शब्द दिला होता की संघात कोण राहणार आणि कोण जाणार हे सरच ठरवतील. त्यामुळे सगळं एका माणसाच्या "हो"वर अडलं होतं.

"नाही," सर म्हणाले.

"सर, गोल होत नाहीयेत," मी म्हटलं.

"पुढचे तिघे एकमेकांवर रुसलेत म्हणून होत नाहीयेत. चौथा आणा, चौघे रुसतील."

"सगळे संघ करतात हे."

"करतात. आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा करतात. पहिल्याने भागलं असतं तर दुसऱ्यांदा कशाला केलं असतं?"

अण्णा शांतपणे ऐकत होते. ते म्हणाले, "सर, बस पंक्चर झाली की चाक बदलावंच लागतं. बस हाय ती, देऊळ न्हाई."

"चाक बदला की. आपण ड्रायव्हर उतरवताय."

 खरं सांगायचं तर मला आजही ठरवता येत नाही की तेव्हा कुणाचं बरोबर होतं. गोल करणारा नसेल तर आम्ही बुडणार, हे मला दिसत होतं. दत्ता नसेल तर गोल करणाऱ्यापर्यंत बॉल जाणारच नाही, हे सरांना दिसत होतं. दोन्ही डोळ्यांसमोर होतं आणि दिवस संपत चालले होते.

दुसऱ्या दिवशी सरावाच्या आधी सरांनी सगळ्यांना रिंगणात उभं केलं. "बाहेर बरंच बोललं जातंय," ते म्हणाले. "आपला कर्णधार कुठेही जात नाही." पोरांनी टाळ्या वाजवल्या. कित्येक दिवसांनी त्या मैदानावर काहीतरी चांगलं ऐकू आलं होतं. दत्तानेही टाळ्या वाजवल्या. मी त्याच्याकडे बघत होते आणि मला तेव्हा काहीही वेगळं दिसलं नाही.

अदलाबदल बंद व्हायला एक दिवस उरला. त्या दिवशी सुट्टी होती. समोरच्या संघाने कळवलं होतं की संध्याकाळी पाचपर्यंत होकार द्या, नाहीतर आम्ही दुसरा खेळाडू बघतो. बाकीचे कागद आणि सह्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाल्या तरी चालणार होत्या. मी नाद सोडून दिला होता. दुपारी जेवत होते तेवढ्यात फोन आला. दत्ताची बायको, रेखा.

"ताई, सरांना तुमीच सांगा. ह्यांना जायचंय."

"तो म्हणाला तसं?"

"कुनाला म्हनत न्हाईत. रातभर जागे असत्यात. काल मला म्हनले, मोठ्या मैदानावर एकदा पोरीला बघायला न्यायचं व्हतं. तेवढंच म्हनले आन् गप झाले. सरांफुडं तोंड उघडायचे न्हाईत ते, मरंस्तवर."

मी तशीच गाडी काढली आणि बिबवेवाडी गाठली. सर स्वतःच्या ट्रॅकपँटला इस्त्री करत होते. कडक, शिवणीवर घडी घालून. "बोला," म्हणाले. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, पण इस्त्री तशीच हातात धरून राहिले.

"हे त्याने आपल्याला सांगितलं?"

"नाही. रेखाने."

"मग ते रेखाचं म्हणणं झालं."

"सर, तुम्ही कधी विचारलंत त्याला?"

"मी खेळाडूला विचारत नसतो. विचारलं की तो मला बरं वाटेल ते सांगतो."

पण त्यांनी इस्त्री खाली ठेवली आणि चपला घातल्या.

लुल्लानगरवरून आम्ही लोणीची वाट धरली. हडपसरला पुलाखाली गाड्या जाम झाल्या होत्या. एक टँकर आडवा आला होता, मागून हॉर्न, पुढून हॉर्न. मी घड्याळ बघत होते. सर काचेतून बाहेर बघत होते.  मनात म्हटलं, हा माणूस मुद्दामच फोन करत नाहीये. एका फोनवर मिटलं असतं. पण दत्ताला फोनवर विचारायची त्यांची तयारी नव्हती, आणि ते मला सांगावं असंही त्यांना वाटत नव्हतं.

दत्ताचं घर लोणीत गावाच्या कडेला आहे. तो अंगणात बसून ठिबकच्या नळ्या साफ करत होता. आम्हाला बघून धडपडत उठला, हात पुसले, खुर्च्या आणल्या. रेखाने पाणी आणलं, मग चहा. सरांनी तो चहा घेतला. दुसऱ्याच्या घरचा चहा घेताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. त्यांनी कप संपवून खाली ठेवला. रेखा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिची मुलगी तिच्या पदराशी खेळत होती.

"दत्ता," सर म्हणाले, "तुला जायचंय का?"

 मी रेखाकडे बघितलं, तिने दत्ताकडे. दत्ताने मान वर केली आणि सरळ सरांकडे बघितलं.

"न्हाई, सर."

"नक्की?"

"मी कशाला जाऊ? आपला संघ सोडून? पोरं हायेत, तुमी हाय. आसल्या टायमाला कोन जातं का?" आणि तो हसला.

रेखा आत निघून गेली. आत भांडं आपटल्याचा आवाज आला.

"बरं," सर म्हणाले. उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि गाडीकडे चालू लागले. मला त्या क्षणी दोघांचाही भयंकर राग आला. रेखा मला काय म्हणेल, हेच डोक्यात होतं. तिने विश्वासाने सांगितलं होतं आणि मी या म्हाताऱ्याला आणून तिच्या अंगणात बसवून, ते सगळं मातीत घालून परत चालले होते.

कवडीपाटच्या पुढे आल्यावर सर म्हणाले, "गाडी बाजूला घ्या."

मी घेतली. ट्रक सूं सूं करत जात होते आणि प्रत्येक ट्रकला गाडी हलत होती.

"खोटं बोलला," सर म्हणाले. "खरं बोलताना तो जमिनीकडे बघतो. लहानपणापासून. आज माझ्या डोळ्यांत बघत होता."

"हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"तिथेच कळलं."

"मग तिथे का नाही बोललात?" माझा आवाज चढला. सरांपुढे तो पहिल्यांदाच चढला.

त्यांनी अंगठा चोळला. मग म्हणाले, "बरं वाटलं मला. तो नाही म्हणाला, ते ऐकून मला इतकं बरं वाटलं, मॅनेजरबाई, की मी उठून चालायलाच लागलो."

मी त्यांच्या हाताकडे बघत बसले. इस्त्री करताना कुठेतरी चटका बसला असावा, अंगठ्याजवळ लाल झालं होतं.

"किती वाजले?"

"पाचला वीस मिनिटं आहेत."

"अण्णांना लावा."

मी फोन लावून स्पीकरवर टाकला. अण्णा म्हणाले, "बोला सर."

"अण्णा, ती अदलाबदल करा. दत्ता जातोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "दत्ताला इचारलं का?"

"विचारलं."

"काय म्हनला?"

सर माझ्याकडे बघत होते. "आपण त्यांना होकार कळवा," एवढं म्हणून त्यांनी स्वतःच लाल बटण दाबलं. मग मला म्हणाले, "आता आपला संघ खाली जाणार, हे माहीत आहे ना?" मी गाडी सुरू केली.

आम्ही खाली गेलोच, हे इथेच सांगून टाकते. आलेला खेळाडू चांगला होता. सरांनी त्याला जेवणाच्या फेऱ्याशिवाय पहिल्याच रविवारी उतरवलं, आणि त्याने गोलही केले. पण मधली फळी उघडी पडली, आम्ही करायचो त्याहून जास्त गोल खायचो, आणि शेवटच्या सामन्यानंतरही तळालाच राहिलो. अण्णांनी संघ बंद केला. मी आता दुसरीकडे नोकरी करते. पुण्यातले फुटबॉलवाले अजून म्हणतात की त्या म्हाताऱ्याने हाताने वाढवलेला पोरगा विकला आणि संघ घालवला. सरांच्या कानावर हे येत असणारच. बिबवेवाडीत असल्या गोष्टी भाजीवालाही सांगतो.

पण मला सांगायची आहे ती दुसऱ्या दिवशीची सकाळ.

दत्ता अण्णांच्या ऑफिसात आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. रात्री अण्णांचा फोन त्याला गेला होता. टेबलावर कागद होते आणि त्याच्या सहीशिवाय त्यांना काही अर्थ नव्हता. दुपारी सगळं बंद होणार होतं. अण्णा मुद्दाम बाहेर निघून गेले. खोलीत मी, सर आणि तो.

"मी न्हाई म्हनलो व्हतो, सर," दत्ता म्हणाला. "तुमी घरी आला, इचारलं, मी न्हाई म्हनलो. तुमी बरं म्हनला. आन् मग रस्त्यात मला काडून टाकलं?"

मला वाटलं, आता सर सांगतील. एका वाक्याचं काम होतं. तुला जायचंय हे मला कळलं, म्हणून. एवढंच. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात सरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी गप्प झाले.

"गोल हवे होते," सर म्हणाले.

"मी सही करनार न्हाई. मी हितंच ऱ्हानार."

"राहून काय करशील? बत्तीस वर्षांचा झालास. पाय मंद झालेत तुझे. मागच्या तीन सामन्यांत परत यायला वेळ लागत होता, मी काय बघत नव्हतो? तिकडे घेतायत तोवर जा. इथे पुढच्या रविवारी तुला बाकावर बसवणार आहे."

 दत्ताचा चेहरा मला बघवेना. शब्दन् शब्द खोटा होता. त्या तीन सामन्यांत मैदानावर नीट धावणारा तो एकटाच होता, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. म्हणजे मला वाटत होतं की तिघांनाही. पण दत्ताने ते खरं मानलं. सरांनी सांगितलेलं त्याने आयुष्यात कधी खोटं मानलं नव्हतं.

त्याने पेन उचललं. जिथे जिथे मी बोट दाखवलं तिथे तिथे सही केली, एका ठिकाणी कागद फाटेल इतकी दाबून. खिशातली कर्णधाराची पट्टी काढून टेबलावर टाकली. बाहेरगावी जाताना हा मुलगा सरांच्या पाया पडल्याशिवाय बसमध्ये चढत नसे. त्या दिवशी तो सरांच्या बाजूने गेला आणि त्यांच्याकडे वळलाही नाही. दार आपटलं. थोड्या वेळाने फाटकाकडून त्याची मोटारसायकल जोरात गेल्याचं ऐकू आलं.

सर खिडकीपाशी पाठ करून उभे होते. मी कागद गोळा केले. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

"सर, खरं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"थांबला असता."

ते तसेच उभे राहिले. बाहेर पोरं सरावाला जमायला लागली होती, कुणीतरी बॉल फाटकावर मारत होतं.

"रागावून गेला ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"खूप?"

"खूप, सर."

"मग खेळेल," ते म्हणाले, आणि शिट्टी घेऊन मैदानाकडे निघाले.